सहा मिनिटांची चाल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलण्याचा मान आजवर बाहेरच्या विद्वान पाहुण्यांना मिळत आला आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझ्यासारख्या घरच्याच बाईला उभे केले, आणि विषयही नेमून दिला, "करोनाच्या काळातले धावणे". मी म्हटले, "अहो, त्या काळात धावणे बंदच होते, मग बोलू काय?" त्या म्हणाल्या, "बंद होते म्हणजे काय झाले, तेच सांगा." तेव्हा जे सांगणार आहे ते एका हौशी बाईचे अनुभव म्हणूनच ऐकावे. मी खेळाडू नव्हे, आणि डॉक्टर तर नव्हेच नव्हे.

आरंभीच एक कबूल करते. आपल्या धाराशिवकडे 'धावणे' हा शब्द पुस्तकातला. आपण म्हणतो 'पळणे'. आणि बाई 'पळाली' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात काय येते, हे तुम्हांला सांगावयास नको! मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पळू लागले. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले, आणि चालता चालता एक दिवस पाय आपोआप उचलले गेले, एवढेच त्याचे कारण. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी विचारले, "कोण मागं लागलंय, म्हणून पळायलीस?" मला उत्तर सुचले नाही. पुढे त्याच मला पहाटे उठवू लागल्या, हा भाग निराळा.

हळूहळू आम्ही सातजणी जमलो. एक शिक्षिका, एक अंगणवाडीताई, एक बँकेत नोकरीला, एक शिवणकाम करणारी, आणि आम्ही तिघी घर सांभाळणाऱ्या. पहाटे साडेपाचला मैदानावर जमावयाचे, पाच-सहा किलोमीटर पळावयाचे, आणि साडेसहाच्या आत घरी परतावयाचे. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की दोघीतिघी गळत. सुटीच्या दिवशी हातलाई देवीच्या डोंगराकडे जात असू. कोणी पहिली येत नव्हते, कोणी शेवटची राहत नव्हते. मागे पडलेलीसाठी पुढची थांबे.

मुलींनी पळावे ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. खो-खो हा आपला घरचा खेळ. आपल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी २०१६ साली गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. घरी दिवसाला एकच जेवण मिळे अशा दिवसांतून त्या वर आल्या, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तेव्हा मुलगी पळते याचे धाराशिवकरांना कौतुकच आहे. नवल वाटते ते बाई पळते याचे. मुलीच्या पायांना लग्नानंतर काय होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

असो. २०२० च्या मार्च महिन्यात हे सर्व एकदम थांबले. १७ मार्चला आई तुळजाभवानीच्या मंदिराचे दार दर्शनासाठी बंद झाले, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून सारा देश घरात बसला. त्याआधी एकच दिवस तोक्योची ऑलिंपिक स्पर्धा वर्षभर पुढे ढकलल्याची बातमी आली होती. आम्हां सातजणींचे मैदान बंद झाले त्याची बातमी अर्थातच कोठे आली नाही.

पहिले काही दिवस मी गच्चीवर पळाले. माझी गच्ची लांबीला चौदा पावले. चौदा पावलांवर वळावयाचे, पुन्हा चौदा पावले. शंभर फेऱ्या झाल्या की भोवळ येई. त्याच सुमारास वाचले, की फ्रान्समध्ये तुलूझ शहराजवळ एक गृहस्थ आपल्या सात मीटरच्या सज्जात येरझारा घालून पुरी मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, पळाले. पावणेसात तासांहून थोडा अधिक वेळ लागला म्हणे. मी हे मोठ्या उत्साहाने घरात सांगितले. मुलगा म्हणाला, "आई, त्यांच्या घरी त्या पावणेसात तासांत स्वयंपाक कोणी केला?" तो गमतीने बोलला, पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला तो राहिलाच.

कारण भगिनींनो, आमचे मैदान सरकारने बंद केले हे खरे, पण आमचा तास सरकारने नेला नव्हता. तो घरानेच नेला. घरचे सर्व घरात, मुलांची शाळा मोबाईलवर, चहा चार वेळा, भांडी तीन वेळा. ज्या बाईचा सारा दिवस इतरांचा असतो तिला पहाटेचा तेवढा एक तास स्वतःचा होता. तो गेला तेव्हा कळले, की आपल्याला पळण्याची इतकी ओढ नव्हती, ओढ त्या तासाची होती. ३ जूनपासून राज्यात पहाटे पाच ते सायंकाळी सातपर्यंत मैदानावर एकट्याने व्यायाम करण्यास मुभा मिळाली. पुरुषमंडळी त्याच आठवड्यात दिसू लागली. आमच्या सातांपैकी पहिल्या महिन्यात दोघीच बाहेर पडल्या. मुभा मिळाली तरी वेळ मिळत नव्हता.

या काळात आम्ही एक पायंडा पाडला. रविवारी दुपारी चार वाजता सातहीजणी एकदम फोनवर यावयाचे. आज वाटते, आम्ही मैदानावर जितके बोललो नसू तितके त्या फोनवर बोललो. पळताना दम लागतो, बोलता येत नाही. फोनवर वादही झाले. शिक्षिकाबाई एकदा म्हणाल्या, "पुण्यामुंबईहून माणसे लेकरे खांद्यावर घेऊन पायी गावाकडे निघाली आहेत, त्यांच्या पायांत धड वहाणा नाहीत. आणि आपण आपले पळणे बुडाले म्हणून हळहळतो. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही का?" बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग शिवणकाम करणारी हळूच म्हणाली, "लाज वाटते बाई. पण मी पळाले नाही तर त्यांची वाट काही कमी होत नाही. मी पळाले तर दिवसभर मास्क शिवावयाला पाठ तरी सरळ राहते." दोघींचेही मला पटले, आणि आजही दोघींचेही पटते. त्यांतून एवढे मात्र झाले, की आम्ही वर्गणी काढून दोन ऑक्सिमीटर विकत घेतले आणि अंगणवाडीताईंच्या हवाली केले. त्या यंत्राने पुढे आम्हांलाच शिकविले, ते सांगतेच.

अंगणवाडीताईंवरून आठवले. त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशाताई आणि अंगणवाडीताई उन्हातान्हातून दारोदार हिंडून ताप आणि प्राणवायू मोजू लागल्या. आमची अंगणवाडीताई त्या दिवसांत म्हणे, "मला आता पळण्याची गरज नाही. संध्याकाळी पाय मोजायलाही उरत नाहीत." त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात सर्वांत लांब पल्ला कोणी काटला असेल, तर तो या बायकांनी. त्यांना कोणी पदक दिले नाही.

पदकाची एक गोड गोष्टही त्याच काळातली. २९ ऑगस्ट २०२० रोजी सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. साथीमुळे राष्ट्रपतींनी तो सोहळा प्रथमच दूरदृश्य पद्धतीने पार पाडला. त्या वेळी त्या आपल्या तुळजापुरातच क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. आम्ही सातजणींनी आपापल्या घरी शिरा केला आणि फोनवरून एकमेकींना 'खा' म्हटले!

नोव्हेंबरात दिल्लीची अर्धमॅरेथॉन झाली. नामवंत धावपटू तेवढे प्रत्यक्ष दिल्लीत पळाले. शेजारच्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे यांनी तेथे १ तास ३० सेकंदांत अंतर संपवून राष्ट्रीय विक्रम केला. हौशी लोकांनी मात्र आपापल्या गावी पळावयाचे आणि मोबाईलने अंतर मोजावयाचे, अशी सोय होती. बँकेतल्या आमच्या मैत्रिणीने त्यात भाग घेण्याचे ठरविले. तुम्ही विचाराल, ते अंतर केवढे? एकवीस किलोमीटर. म्हणजे येथून आई भवानीच्या पायांपर्यंत. आणि पुरी मॅरेथॉन म्हणजे जवळजवळ सोलापूर ते तुळजापूर. कोजागरीला हजारो बाया अनवाणी, रात्रभर, डोक्यावर पदर घेऊन ती वाट चालतात. त्यांना कोणी क्रीडापटू म्हणत नाही, त्याही स्वतःला म्हणवून घेत नाहीत. त्या वर्षी कोजागरीला मंदिराचे दार बंदच होते. बँकेतली मैत्रीण तुळजापूरच्या रस्त्याने पहाटे एकटीच पळत गेली. परत आल्यावर म्हणाली, "रस्ता इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. आनंद झाला नाही, भीती वाटली."

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे मला जड जाते. परंतु आज त्यासाठीच उभी आहे.

आम्हां सातजणींत सर्वांत दणकट होती ती माझी जोडीदारीण. मी तिला वहिनी म्हणते, तुम्हीही सर्व ओळखता, म्हणून नाव घेत नाही. ती पुढच्याच रांगेत बसली आहे, आणि तिच्या परवानगीनेच बोलते आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. गावोगाव माणसे पडू लागली, रुग्णालयांत खाटा मिळेनात. वहिनींना ताप आला. मी फोन केला तर म्हणाल्या, "मी रोज सहा किलोमीटर पळणारी बाई, मला काय होते? अंग मोडून आले आहे, दोन दिवसांत उतरेल." आणि मैत्रिणींनो, मी काय म्हणावे? मी म्हटले, "खरेच आहे. आपल्यासारख्यांची छाती मजबूत असते." अशी माझी अक्कल! पळणाऱ्याला साथ शिवत नाही, असा एक गर्व आमच्या मनात कधी शिरला होता, ते आम्हांलाही कळले नव्हते.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अंगणवाडीताई दारावरून जात होत्या. त्यांनी बाहेरूनच विचारपूस केली आणि ऑक्सिमीटर आत सरकविला. बसल्या जागी आकडा आला शहाण्णव. वहिनी हसल्या. ताई म्हणाल्या, "आता सहा मिनिटे घरातल्या घरात चाला. पळू नका, चाला. मग पुन्हा बोट घाला." आरोग्य खात्याने त्या दिवसांत ही चाचणी सर्वांना सांगितली होती. सपाट जमिनीवर सहा मिनिटे सारख्या चालीने चालावयाचे. आकडा ९३ च्या खाली आला, किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक उतरला, अथवा दम लागला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावयाचे. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटे चालावे आणि दमेकऱ्यांनी ही चाचणी करू नये, असेही सांगितले होते.

वहिनी चालल्या. सहा मिनिटांनी आकडा आला एकोणनव्वद.

त्यांना त्रास मुळीच जाणवत नव्हता, हे त्यातले भयंकर. दम लागणे अंगवळणी पडलेल्या बाईला दम लागलेला कळेना! ज्या छातीचा आम्हांला गर्व होता, तिनेच आम्हांला फसविले. रात्री खाट मिळाली. नऊ दिवस त्या प्राणवायूवर होत्या. ते नऊ दिवस मी पळाले नाही, गच्चीवरही गेले नाही. माझे ते एक वाक्य कानांत वाजत राहिले. अंगणवाडीताई त्या गल्लीने आल्या नसत्या तर आज मी या व्यासपीठावर उभी राहिले नसते.

वहिनी घरी आल्या. पंधरवड्याने मी पुन्हा चुकण्याच्या बेतात होते. "आता हळूहळू पळू या का?" असे विचारले. त्यांच्या डॉक्टरांनी आम्हां दोघींनाही बसवून समजाविले, की या रोगाने कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. ती ओसरण्याआधी जोराचा व्यायाम केला तर जिवावर बेतू शकते. म्हणून तपासणी होईपर्यंत पळणे बंद, फक्त चालणे. मग आम्ही दोघी सहा मिनिटे चालू लागलो. पहिल्या आठवड्यात अंगणातल्या तुळशीपासून फाटकापर्यंत. मग कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत. आकडा पाहावयाचा, वहीत टिपावयाचा, बसावयाचे. आयुष्यात पळून जे शिकले नाही ते त्या सहा मिनिटांच्या चालीने मला शिकविले. शरीर आपल्या हुकमाचे चाकर नव्हे. त्याचे ऐकावे लागते, आणि पळणे हे ते ऐकण्यासाठी असते, त्याला गप्प बसविण्यासाठी नव्हे.

त्याच मे महिन्यात बारामतीहून एक बातमी आली. लता करे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पतीच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेली ही मजूर बाई नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीच्या शर्यतीत पळाली आणि बक्षीस घेऊन आली. पुढेही तिने शर्यती जिंकल्या. तिच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्याचा राष्ट्रीय पुरस्कारांत उल्लेख झाला. आणि ज्या पतीसाठी ती पळाली, त्या भगवानरावांना मे २०२१ मध्ये करोनाने नेले. ही बातमी वाचून आमच्या रविवारच्या फोनवर बँकेतली मैत्रीण रडली. "मग पळून उपयोग काय झाला?" म्हणाली. तिला उत्तर वहिनींनी दिले, अंथरुणावरूनच. त्या म्हणाल्या, "त्या माउलीने नवऱ्याला वर्षे दिली गं. कायमचे कोण देऊ शकते?"

२०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला, आईचे दार पुन्हा उघडले. मैदानेही उघडली. मुंबईची मोठी मॅरेथॉन दोन वर्षे खंडून २०२३ च्या जानेवारीत पुन्हा भरली. बातम्यांत आले, की सर्व काही पूर्ववत झाले. आमचे मात्र पूर्ववत झाले नाही. सातांपैकी चौघी परतलो. उरलेल्या तिघींना रोगाने अडविले नाही. एकीच्या यजमानांची नोकरी गेली, तिने घरगुती डबे सुरू केले, पहाटे चारपासून ती चुलीपाशी असते. एकीच्या सासूबाई साथीनंतर अंथरुणाला खिळल्या. आणि तिसरी म्हणते, "दीड वर्ष गेले नाही, तेव्हा घराला सवय झाली. आता जाते म्हटले की सगळे विचारतात, कशाला?" या तिसरीचे मला सर्वांत वाईट वाटते. तिला कोणी नाही म्हटले नाही. नुसते 'कशाला' म्हटले.

भगिनींनो, म्हणून मंडळापुढे माझे एक मागणे आहे. पैशाचे नाही. हळदीकुंकू, भजन, पाककृतींच्या स्पर्धा हे आपले कार्यक्रम उत्तम आहेत, ते चालावेतच. त्यांबरोबर आपण पहाटेचा एक तास मंडळाच्या नावावर लिहून घ्यावा. 'मी पळावयास जाते' म्हटले की घर 'कशाला' विचारते. 'मंडळात जाते' म्हटले की विचारीत नाही, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे! आणि हे नुसते नावाचे राहू नये. डबे करणाऱ्या बाईच्या पोळ्यांना आठवड्यातून दोन दिवस एकीने हात लावावा. अंथरुणावरच्या सासूबाईंपाशी एकीने तासभर बसावे. आम्ही चौघी पाळीने हे करण्यास तयार आहोत. कोणाला पळावयाचे नसेल तिने चालावे. चालवत नसेल तिने लिंबाखाली बसून आमच्या चपला सांभाळाव्या, तेही काम आहे. आजारातून उठलेली असेल तिने आधी डॉक्टरांना विचारावे, आणि उत्साहाच्या भरात तिला कोणी 'पळ' म्हणू नये. तशी एक चूक मी करून बसले आहे, ती मंडळात दुसरीकडून होऊ नये.

आमची ती दोन ऑक्सिमीटर यंत्रे अजून चालू आहेत. ती आज मंडळाच्या कपाटात ठेवण्यासाठी मी आणली आहेत, चिटणीसबाईंनी ती स्वीकारावीत. सेल तेवढे बदलत राहावे लागतात.

वहिनी आता पुन्हा तीन किलोमीटर पळतात. पूर्वीसारख्या सहा नाहीत. मध्ये थांबतात, आणि त्या थांबल्या की आम्हीही थांबतो. सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही मैदानाच्या फाटकाशी असू. तुमच्यापैकी कोणी आलीच, तर पहिले सहा मिनिटे आपण सर्वजणी नुसत्या चालू.